होकाराच्या अलीकडे

भारतातल्या एड्सच्या इतिहासाची पहिली नोंद बायकांच्या रक्तातून झाली. १९८६ साली चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने सरकारी सुधारगृहात ठेवलेल्या देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. वेल्लोरच्या प्रयोगशाळेत त्यांतल्या सहा नमुन्यांत विषाणूची लागण आढळली, आणि हा रोग परदेशातला आहे, आपल्या समाजाला तो शिवणार नाही, हा समज कोसळला. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातल्या. वडिलांच्या नावाने त्यांनी १९९३ मध्ये उभं केलेलं वाय. आर. गायतोंडे केंद्र पुढे देशातल्या एड्स संशोधनाचं एक मोठं ठिकाण झालं. त्यांच्या आणि निर्मलांच्या धाडसाबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे, आणि ते योग्यच आहे. पण रक्त कशासाठी घेतलं जात आहे, हे त्या बायकांना सांगितलं गेलं नव्हतं. निर्मला यांनी स्वतः नंतर ते मोकळेपणाने सांगितलं. त्यात दुष्टावा नव्हता. बाईला विचारायचं असतं, ही रीतच तेव्हा नव्हती.

मग ती रीत कशी आली, किती आली, आणि विचारल्यावर बायका काय म्हणाल्या, हा या संग्रहाचा विषय आहे. एच.आय.व्ही.चा संसर्ग टाळण्यासाठी जी जेल, गोळ्या, रिंग, लशी आणि इंजेक्शनं गेल्या तीस-पस्तीस वर्षांत निघाली, ती माणसांवर तपासून पाहावी लागली. त्या माणसांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. त्या का आल्या, का आल्या नाहीत, आल्यावर काय मनात ठेवून आल्या आणि काय न सांगता निघून गेल्या, याचा अभ्यास ही आता वैद्यकशास्त्र आणि समाजशास्त्र यांच्या सीमेवरची एक वेगळी शाखाच झाली आहे. मराठीत तिच्याबद्दल एकत्र असं काही नाही. या कामाचा भारतातला बराच भाग पुण्यात घडलेला असूनही नाही, याची मला कायम खंत वाटत आली आहे.

नव्या वाचकासाठी आधी चाचणीचं स्वरूप सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. उपचाराच्या चाचणीत आजारी माणूस येतो आणि त्याला बरं व्हायचं असतं. प्रतिबंधाच्या चाचणीत निरोगी माणूस येतो. त्याला काही झालेलं नसतं. एका गटाला औषध मिळतं, दुसऱ्याला तसंच दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी, किंवा आधीपासून वापरात असलेलं औषध मिळतं. कुणाला काय मिळालं हे बहुतेक वेळा बाईलाही माहीत नसतं आणि डॉक्टरलाही नसतं. दोन्ही गटांना निरोध दिले जातात, समुपदेशन दिलं जातं, गुप्तरोगांवर उपचार होतात. मग महिने, वर्षं उलटतात आणि कोणत्या गटात किती जणींना लागण झाली ते मोजलं जातं. म्हणजे एवढी काळजी घेऊनही काही जणींना लागण होणार, हे त्या गणितात गृहीत असतं. कुणालाच लागण झाली नाही तर चाचणीतून उत्तर मिळत नाही. हे वाक्य संमतीपत्रात सहसा इतक्या उघडपणे लिहिलेलं नसतं, पण बायकांना ते आपसूक उमगतं. चाचणीत यायचं म्हणजे मला धोका आहे हे मान्य करायचं. आणि लग्न झालेल्या बाईने असं मान्य करणं म्हणजे नवऱ्याबद्दल काहीतरी बोलणं.

पुण्याच्या अभ्यासाने हे फार लवकर दाखवून दिलं होतं. भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, सगळ्यांच्या तोंडी 'नारी', १९९२ मध्ये सुरू झाली. तिथल्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या बायकांचा अभ्यास केला. देहविक्रय करणाऱ्यांपैकी निम्म्या जणींना लागण झालेली होती. ती अपेक्षित होती. पण देहविक्रय न करणाऱ्या, बहुतांशी विवाहित असलेल्या बायकांतही १३.६ टक्के जणींना लागण होती. नवऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाशी संबंध नाही, हाच त्यांच्यातल्या बहुतेकींचा धोका होता. १९९७ मध्ये हा निबंध अमेरिकेतल्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला आणि एकनिष्ठा ही ढाल आहे, या प्रचाराचा पायाच डळमळला. या पुस्तकाची सुरुवात खरं तर तिथे आहे.

त्याच्या थोडं आधी, १९९० मध्ये, अमेरिकेत झेना स्टाइन या साथरोगतज्ज्ञ बाईंनी एक छोटा लेख लिहिला होता. निरोध पुरुषाच्या हातात असतो. बाईला स्वतः वापरता येईल, त्याची परवानगी लागणार नाही, असं साधन हवं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या एका विचारातून मायक्रोबिसाइडची, म्हणजे योनीत लावायच्या विषाणूरोधक जेलची चळवळ जन्माला आली. त्याआधी औषधसंशोधनाची रीत वेगळी होती. गरोदर बायकांच्या बाळांना इजा करणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाच्या अनुभवानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ मध्ये मूल होऊ शकणाऱ्या बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांतून दूर ठेवण्याचा नियम केला होता, तो १९९३ पर्यंत टिकला. बाईचं रक्षण करायचं म्हणून तिला बाहेर ठेवलं, आणि त्यामुळे तिच्या शरीरात औषध कसं वागतं हे कुणालाच माहीत झालं नाही. स्टाइन आणि त्यांच्यासारख्यांनी हे दार उघडलं. बाई आता चाचणीच्या मध्यभागी आली.

पुण्यात 'नारी'ने अशा मायक्रोबिसाइड जेलच्या सुरुवातीच्या सुरक्षा-चाचण्या केल्या. पुढे टेनोफोविर या विषाणूरोधक औषधाच्या जेलची एच.पी.टी.एन. ०५९ ही चाचणी पुणे आणि अमेरिकेतली दोन शहरं मिळून २०० बायकांवर झाली. पण मला त्या निकालांइतकेच, किंबहुना जास्त मोलाचे वाटतात ते त्यांच्या सोबतीने झालेले मुलाखतींचे अभ्यास. जेल नवऱ्याला न सांगता वापरता येईल, ही कल्पना परिषदांच्या व्यासपीठावर फार आकर्षक वाटत होती. वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरात ती टिकणं अवघड. सासू शेजारी झोपलेली, नळी कुठे ठेवायची, धुवायची कुठे, कचऱ्यात टाकली तर पोरं उचलतात. आणि ओलसरपणा नवऱ्याला जाणवतोच. म्हणून अनेकींचा कल सांगून टाकण्याकडे होता, पण जेल अंगावरून जाण्यावरचं किंवा आतल्या त्रासावरचं औषध आहे असं सांगून. त्या उत्तरांत लबाडी पाहू नये. घरात शांतता राखून स्वतःला वाचवण्याचं ते जुनं कसब आहे, आणि संशोधनाला ते फार उशिरा दिसलं.

पुण्यातच, ससून रुग्णालयात, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर नेव्हिरापिन या औषधाच्या लांबवलेल्या डोसाची चाचणी केली. लागण झालेल्या आईच्या अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा आठवडे औषध दिलं तर त्याला वाचवता येतं का, हा प्रश्न. पुण्याबरोबर इथिओपिया आणि युगांडातही तो तपासला गेला आणि २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. इथे बायकांचा कौल वेगळा होता. बाळासाठी म्हटलं की हात पुढे होतात. स्वतःसाठी वापरायची गोळी घरी लपवावी लागते, बाळाचं औषध सासूसमोर पाजता येतं. मातृत्वाचा हा होकार संशोधकांनी गृहीत धरू नये, असं मला फार वाटतं. तो देताना बाईचे स्वतःबद्दलचे प्रश्न विचारायचेच राहून जातात.

जगभरच्या चित्राकडे वळायचं तर ते आशेचं आणि पडझडीचं मिळून आहे. नोनॉक्सिनॉल-९ हे शुक्राणुनाशक बेनिन, आयव्हरी कोस्ट, दक्षिण आफ्रिका आणि थायलंडमधल्या देहविक्रय करणाऱ्या बायकांवर तपासलं गेलं, आणि २००० मध्ये डर्बनच्या परिषदेत कळलं की ते वारंवार वापरणाऱ्यांना लागण उलट जास्त होते. सेल्युलोज सल्फेट जेलच्या चाचणीची दोन भारतीय केंद्रं होती, चेन्नईचं गायतोंडे केंद्र आणि महाराष्ट्राच्या सीमेपलीकडचं बागलकोट. ती चाचणीही जानेवारी २००७ मध्ये मध्येच थांबवली गेली, कारण काही केंद्रांवर जेलच्या गटात लागण जास्त दिसू लागली होती. या बातम्यांनी जे घडलं त्याची नोंद आकडेवारीत नाही. ज्या आशाताईने किंवा सहेलीने बायकांना चाचणीला आणलं, तिला वस्तीत परत जावं लागलं. चाचणी थांबते तेव्हा संशोधक निवेदन काढतात, पण दारोदार जाऊन उत्तरं तिला द्यावी लागतात. या संग्रहात अशा मधल्या बायकांना जागा मिळाली आहे, याचा मला विशेष आनंद आहे.

कंबोडियाची कथा इथे टाळता येत नाही. २००४ मध्ये नॉम पेन्हच्या देहविक्रय करणाऱ्या बायकांवर टेनोफोविर गोळीची चाचणी होणार होती. त्यांच्या संघटनेने विचारलं : दुष्परिणाम झाले तर चाचणी संपल्यावर आमच्याकडे कोण बघणार? नंतर लागण झाली तर औषधं कोण देणार? समाधानकारक उत्तर आलं नाही. बायकांनी निदर्शनं केली आणि पंतप्रधान हुन सेन यांनी चाचणी रद्द केली. पुढच्या वर्षी कॅमेरूनमधलीही थांबली. त्या वेळी बऱ्याच शास्त्रज्ञांनी याकडे अडाणीपणाचा विजय म्हणून पाहिलं. मी तसं मानत नाही. त्या बायकांनी विचारलेले प्रश्न आज संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांत आहेत. सहभागींशी कसं वागायचं याचा पहिला आराखडा २००७ मध्ये आला, तो या वादातूनच. नकार हेही ज्ञान असतं, हे या क्षेत्राने शिकलेलं पहिलं मोठं वाक्य.

दुसरं वाक्य आफ्रिकेतून आलं, आणि ते जास्त बोचणारं आहे. २०१० मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत क्वाझुलू-नाताळमधल्या ८८९ बायकांवरच्या कॅप्रिसा ००४ चाचणीचा निकाल जाहीर झाला. टेनोफोविर जेलने लागण ३९ टक्क्यांनी घटली होती. सभागृह उभं राहिलं. पण लगेच पुढच्या दोन मोठ्या चाचण्या फसल्या. फेम-प्रेप या चाचणीत रोजच्या प्रतिबंधक गोळीचा फायदा दिसला नाही. व्हॉइस चाचणीत ५,०२९ बायका होत्या. दहातल्या नऊ वेळा औषध घेतलं असं त्या सांगत होत्या, रिकाम्या बाटल्या परत आणत होत्या, पण रक्त तपासलं तेव्हा तीस टक्के किंवा त्याहूनही कमी नमुन्यांत औषध सापडलं. बायका खोटं बोलल्या, अशी कुजबुज झाली. मग त्यांच्याकडे परत जाऊन, त्यांच्याच रक्ताचे निकाल त्यांच्यासमोर ठेवून, सविस्तर मुलाखती घेण्यात आल्या, तेव्हा त्यांनी कारणं सांगितली. एच.आय.व्ही.च्या रुग्णांचं औषध घरात सापडलं तर लोक मलाच रोगी समजतील. धडधाकट असताना रोज गोळी खाऊन आजारी पडेन. शेजारणी सांगत होत्या की हे औषधच रोग देतं. आणि मोफत तपासणी, डॉक्टरचं बोलणं, येण्याजाण्याचं भाडं, हे सोडवत नव्हतं. म्हणजे त्या चाचणीला हो म्हणाल्या होत्या, औषधाला नाही. या दोन होकारांत फरक असतो, हे संशोधकांना हजारो बायकांच्या रक्तातून कळलं.

तोपर्यंत या क्षेत्रातल्या अभ्यासाच्या निरनिराळ्या धारा स्पष्ट झाल्या होत्या. सर्वांत जुनी धारा तयारीच्या सर्वेक्षणांची. समजा उद्या अशी लस आली, तर तुम्ही चाचणीत याल का, असा काल्पनिक प्रश्न विचारायचा आणि टक्केवारी काढायची. ती टक्केवारी आणि प्रत्यक्ष येणाऱ्यांची संख्या यांत मोठं अंतर पडतं, हे सगळीकडे दिसलं आहे. ही धारा अजून वाहते, कारण ती स्वस्त आहे. तिच्या शेजारी स्वीकारार्हतेचे अभ्यास उभे राहिले. वास, ओलावा, आकार, नवरा काय म्हणतो. पुण्याचं योगदान इथे मोठं आहे. तिसरी धारा संमतीच्या समजुतीची. रुग्ण संशोधनालाही उपचारच समजतो, या घोटाळ्याला अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ पॉल ॲपलबाम आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये नाव दिलं. भारतात तो घोटाळा फार खोल आहे, कारण आपल्याकडे मोफत आणि आदराने मिळणारा उपचार कितीतरी जणींना फक्त चाचणीतच भेटतो. नकाराची मोकळीक तिथे राहतेच कुठे? आणि चौथी धारा, जिला मी स्वतःच्या मनात सर्वांत वर ठेवते, ती संघटित बायकांची. सांगलीत मीना शेषू यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या 'संग्राम'ने आणि त्यातून उभ्या राहिलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने फार आधीच सांगितलं होतं की, आमच्याकडे येणाऱ्याने नम्रतेने यावं आणि आमच्याशी संबंधित गोष्टीला हो किंवा नाही म्हणण्याचा अधिकार आमचा असावा. हे संशोधनाच्या नीतिशास्त्राचं सार आहे आणि ते सांगलीतल्या गोकुळनगरच्या गल्लीत तयार झालं.

त्या धारेची ताकद दिसली ती कोलकाता आणि म्हैसूरला. सोनागाचीच्या दुर्बार महिला समन्वय समितीने आणि म्हैसूरच्या अशोदया समितीने रोजच्या प्रतिबंधक गोळीचे प्रकल्प स्वतः चालवले. आधी वस्तीत चर्चा, मग सभा, मग ठराव, आणि त्यानंतर नोंदणी. तेराशेहून अधिक जणींनी गोळी घेतली आणि बहुतेकींनी ती टिकवली. जी गोळी फेम-प्रेपमध्ये पडून राहिली, तीच इथे घेतली गेली. दोन्हीकडे बायका गरीबच होत्या आणि धोक्यातच होत्या. विचारणारं माणूस मात्र वेगळं होतं. मला या सगळ्या विषयात जे सांगायचं आहे ते एवढंच. बायकांची तयारी हा बायकांच्या स्वभावातला गुण नाही. कुणी विचारलं, कुठे बसून विचारलं आणि नाही म्हटल्यावर काय झालं, याचं ते उत्तर असतं.

हे मी भोपाळमधून लिहिते आहे. रायसेन रस्त्याच्या बाजूला, भेलच्या कारखान्याच्या सावलीत वाढलेल्या इंद्रपुरीत मी राहते. 'भेल'च्या नोकऱ्यांमुळे आलेली मराठी घरं या भागात आजही आहेत. या शहरात ट्रायल हा शब्द उच्चारताना माणसं आवाज खाली आणतात. वायुपीडितांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातून उभ्या राहिलेल्या भोपाळ मेमोरियल रुग्णालयात २००४ ते २००८ या काळात औषधचाचण्या झाल्या, आणि आपण एखाद्या चाचणीत होतो हे त्यांतल्या काहींना फार नंतर कळलं, असे आरोप झाले. इंदूरच्या सरकारी रुग्णालयातल्या चाचण्यांवरूनही असंच वादळ उठलं. पुढे २०२० च्या डिसेंबरात कोविड लशीच्या चाचणीसाठी वस्त्यांतून माणसं नेली गेली. त्यांतल्या अनेकांना आपल्याला लसच मिळते आहे असं वाटलं होतं. संबंधितांनी आरोप नाकारले. पण ७५० रुपये मिळाले आणि कागदाची प्रत मिळाली नाही, अशी तक्रार करणाऱ्यांत बायका होत्या, याची आठवण इथल्या गल्ल्यांत ताजी आहे.

या भूमीतूनच देशाचा नियम बदलला. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यायालयाने संमतीची प्रक्रिया ध्वनिचित्रमुद्रित करण्याचा आदेश दिला. २०१९ च्या नव्या नियमांत ही अट दुर्बल घटकांवरच्या नव्या औषधांच्या चाचण्यांपुरती राहिली. पण त्यात एक अपवाद आहे, आणि तो वाचकाने नीट लक्षात घ्यावा. एच.आय.व्ही. आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी केवळ आवाज नोंदवायचा, चेहरा नाही. भोपाळ-इंदूरच्या अनुभवाने कॅमेरा आणला आणि एच.आय.व्ही.च्या कलंकाने तो बाजूला ठेवायला लावला. एका बाईचं दोन्ही बाजूंनी रक्षण करायचं तर काय करावं लागतं, ते या एका ओळीतल्या अपवादात दिसतं. २०१७ चा एच.आय.व्ही. कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानेही संशोधनासाठी माहितीपूर्ण संमती आणि गोपनीयता बंधनकारक केली.

संमतीच्या या भांडणाला एड्सच्या आधीची परंपराही आहे, आणि ती बायकांनीच घडवलेली आहे. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनची चाचणी तेव्हाच्या आंध्रातल्या पाटणचेरूला होत असताना बायकांना ती चाचणी आहे हेच माहीत नव्हतं. स्त्री शक्ती संघटना, सहेली आणि चिंगारी या स्त्री-संघटनांनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालय गाठलं. म्हणजे मद्रासच्या त्या रक्तनमुन्यांचंच वर्ष. आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या पुढाकाराने सुमारे १ लाख ३१ हजार बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासण्यांचा मोठा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एच.पी.व्ही. तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्याने २००९ मध्ये सिद्ध केलं आणि जगभरच्या धोरणावर त्याचा परिणाम झाला. पण ज्या गटाला तपासणीच मिळाली नाही, त्यातल्या बायकांचं काय, हा प्रश्न पुढे उभा राहिला आणि मुंबईतून निघणाऱ्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'सारख्या नियतकालिकांत त्यावर खडाजंगी झाली. मी दोन्ही बाजू वाचल्या आहेत. अभ्यासाने असंख्य जीव वाचतील हे खरं, आणि तुलनेच्या गटातल्या बाईला तिच्या जागेचा अर्थ समजावून सांगणं हे कर्तव्य होतं हेही खरं.

लशीच्या चाचणीचा प्रश्न त्याहून नाजूक. फेब्रुवारी २००५ मध्ये 'नारी'त भारतातली पहिली एड्स-लस चाचणी सुरू झाली. ३० निरोगी स्त्री-पुरुष स्वयंसेवक त्यात होते. लस सुरक्षित ठरली, पण शरीराचा प्रतिसाद पुरेसा नव्हता आणि ती पुढे गेली नाही. अशा लशींची एक अडचण बाहेर फारशी बोलली जात नाही. लस घेतलेल्या निरोगी माणसाच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात आणि नेहमीच्या तपासणीत ते एच.आय.व्ही. बाधित दिसू शकतं. पुरुषाला कधीतरी विम्याच्या किंवा व्हिसाच्या वेळी त्याचा त्रास होईल. बाईला पहिल्याच बाळंतपणात होईल, कारण सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची ही तपासणी होतेच. तेव्हा तिथल्या नर्सला आणि सासूला काय सांगायचं? लस-चाचणीला बायका कमी का येतात, असं विचारणाऱ्यांनी या एका प्रसंगाचा विचार करून पाहावा. त्यात चाचणीच्या काळात गरोदर राहू नये, ही अटही असते. लग्नाला वर्ष झालेल्या मुलीने ती अट घरी कशी पाळायची?

आज हे सगळं नव्याने का लिहायचं, तर जून २०२४ मुळे. पर्पज-१ या चाचणीत दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या १६ ते २५ वयाच्या मुलींना लेनाकापाविर या प्रतिबंधक औषधाचं इंजेक्शन वर्षातून दोनदा देण्यात आलं. त्या गटातल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. शून्य. या क्षेत्रात असा आकडा कुणी पाहिला नव्हता. आणखी एक गोष्ट मला तितकीच मोठी वाटते. मध्येच गरोदर राहिलेल्यांना त्या चाचणीने हाकललं नाही. समजावून, संमती घेऊन पुढे ठेवलं. गोळी लपवायची गरज नाही, बाटली नाही, नवऱ्याला दाखवायचं काही नाही. झेना स्टाइन यांनी मागितलं होतं त्याच्या सर्वांत जवळ पोचलेलं हे साधन आहे. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. हे औषध बनवण्याचे परवाने मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअर आहे, हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो यांनी २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये ते देण्याची घोषणा केली आहे. म्हणजे इंजेक्शन भारतात तयार होईल. पण ज्यांच्यावर ते तपासलं गेलं त्या भारतातल्या बायका नव्हेत. आपल्याकडे लागणीचं प्रमाण कमी, प्रौढांत सुमारे ०.२ टक्के, म्हणून मोठ्या चाचण्या आता इथे होत नाहीत. तरीही देशात पंचवीस लाखांच्या आसपास लोक बाधित आहेत आणि त्यांत चाळीस टक्क्यांहून जास्त बायका आहेत. इथे ते द्यायचं तर आधी छोटे अभ्यास लागतील : कुणाला द्यायचं, कोणत्या दवाखान्यातून, कुणाच्या हातून. त्या अभ्यासांत बायकांना पुन्हा विचारलं जाणार आहे.

हे पुस्तक त्या वेळेसाठी आहे. ते औषधांचं पाठ्यपुस्तक नाही आणि चाचण्यांविरुद्धचं आरोपपत्रही नाही. संपादकांनी तीन प्रकारचं लेखन एकत्र बांधलं आहे : संशोधकांचं, समुपदेशकांचं, आणि ज्यांनी स्वतः चाचणीत भाग घेतला किंवा घ्यायला नकार दिला त्या बायकांचं. बायकांची कथनं बोलीतच ठेवली आहेत, त्यांवर प्रमाण भाषेचा हात फिरवलेला नाही, हा निर्णय मला मनापासून पटला. त्यांची नावं बदलली आहेत आणि गावांच्या खुणा पुसल्या आहेत. वाचकाने त्या शोधू नयेत. काही लेख एकमेकांशी सहमत नाहीत. विशेषतः भाड्याच्या आणि भरपाईच्या पैशांवरून मतभेद तीव्र आहेत. काहींना ते आमिष वाटतं, काहींना बुडालेल्या रोजंदारीचा हक्क. माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे. दिवसाची मजुरी सोडून आलेल्या बाईला चहावर बोळवून तिचा त्याग शुद्ध ठेवण्याची जबाबदारी आपली नाही.

संग्रहात उणिवा आहेत. हे सगळं लेखन शहरांजवळचं आहे, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या, वर्षातले सहा महिने गावाबाहेर असणाऱ्या बायकांपर्यंत ते पोचलेलं नाही. ट्रान्स स्त्रियांबद्दल एकच लेख आहे; तो चांगला आहे, पण एकटा आहे. पुढच्या आवृत्तीत संपादक याकडे वळतील, असं त्यांनी मला कळवलं आहे.

परिचारिका, समुपदेशक, आशाताई आणि नीतिसमित्यांवर बसणारे सर्वसामान्य सदस्य यांनी हे आधी वाचावं, अशी माझी विनंती आहे. नीतिसमितीवरच्या शास्त्रज्ञ नसलेल्या सदस्याला बैठकीत बहुधा गप्प बसावंसं वाटतं, कारण कागद इंग्रजीत असतात आणि शब्द अवघड असतात. परिशिष्टात एका संमतीपत्राचं साध्या मराठीतलं रूप दिलं आहे. त्यात रक्त किती वेळा आणि किती चमचे काढणार, घरी फोन करायचा की नाही, मध्येच सोडलं तर मोफत तपासणी बंद होईल का, आणि चाचणी संपल्यावर तेच औषध मिळेल का, हे चार प्रश्न पहिल्या पानावर आहेत. आपल्या समितीपुढे पुढचा प्रस्ताव येईल तेव्हा ते पान शेजारी ठेवावं आणि प्रस्तावात या चारांची उत्तरं कुठे आहेत ते बोट ठेवून विचारावं.

इंद्रपुरी, भोपाळ